जाहिदाबींचे उघडे दार

मित्रांनो, लातूरच्या एका दुकानात, संगणकाच्या पत्र्याच्या डब्यात बसलेला मी जुना मदरबोर्ड. तुम्हाला पडदा दिसतो, कळफलक दिसतो. मी दिसत नाही, पण सगळ्यांचे निरोप माझ्यावरूनच जातात. कारखान्यात माझ्यावर छोटे, उभे कपॅसिटर बसवले होते. वीज कमी-जास्त झाली तर ती सांभाळून पुढे देणे हे त्यांचे काम.

शिकवण्यांचे दिवस जोरात होते. नजीरभाईंनी मला विकत आणले. त्यांच्या पत्नी जाहिदाबी माझ्यावर शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत. पार किनवटहून शिकायला आलेली मुले त्या सोडवत. सर लोक म्हणत, "जाहिदाबींच्या पेपरात चूक सापडायची न्हाई." ते ऐकून मलाच बरे वाटे.

जाहिदाबी दार उघडे ठेवूनच बसत. त्र्याण्णवच्या भूकंपात माहेरच्या घराचे दार अडकले होते. लोकांनी भिंत फोडून त्यांना बाहेर काढले. तेव्हापासून बंद खोलीत त्यांचा जीव घाबरा होई.

पुढे मी मधेच बंद पडू लागलो. अर्धा टाइप केलेला पेपर पुसला जाई. नजीरभाईंनी दाराकडे बोट दाखवले.

"सगळी धूळ मशीनीत जाऊन राहिली. दार लावून बस."

"मशीनीलाच बुरखा घाला की! मला कशाला कोंडता?"

"हसू नको, जाहिदा."

"दार लावलं की भुई हलल्यावाणी होतंय मला. आधी ही मशीन कुणाला तरी दाखवा."

"त्यात काय दाखवायचं? धूळच हाय. भूकंप काय रोज येतो का?"

दार बंद झाले. टाइप करता करता जाहिदाबी कडीकडे बघत. मी तरीही बंद पडतच होतो. मग नजीरभाईंनी खिडकीही लावली. दोष माझ्यात होता आणि कोंडले त्यांना. मला ते सांगता येत नव्हते.

त्याच वर्षी पावसाळ्यात जाहिदाबी तापाने गेल्या. दुकान बंद झाले आणि मी कापडाखाली पडून राहिलो.

दुकान पुन्हा सुरू करायचे ठरले, तेव्हा नजीरभाई मला उदगीरला रेवणप्पा मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी डबा उघडला आणि हसले.

"पुऱ्या तळल्यात की ओ आत! बघा, कपॅसिटरची डोकी कशी फुगलीत."

"धुळीनं?"

"धुळीनं कुठं फुगतंय? मालच कच्चा होता. खोली बंद ठेवत होता का? मग गरमीनं अजून लवकर गेले."

मिस्त्रींनी माझ्या मागच्या बाजूचे जोडाचे शिशाचे डाग तापवून फुगलेले कपॅसिटर काढले, भोके साफ केली. तेवढ्याच ताकदीचे नवे कपॅसिटर, उलटी बाजू होऊ नये म्हणून खुणा बघून, बसवले. मी सुरू झालो आणि सुरूच राहिलो.

"झालं, चला!" मिस्त्री म्हणाले. नजीरभाई बाकावरून उठेनात.

"ती म्हणली होती," ते म्हणाले, "कुणाला तरी दाखवा म्हणून."

आता नजीरभाई दोन बोटांनी हळूहळू टाइप करतात. मी मधे थांबत नाही. दाराला त्यांनी वीट लावून ठेवली आहे. वारा आला तरी ते बंद होत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली तर आधी ती उघडून बघा. घरातल्या माणसाला बोल लावायची घाई करू नका. मला नवे कपॅसिटर मिळाले. जाहिदाबींची खुर्ची उघड्या दारासमोरच आहे. तिच्यावर धूळ बसते.