भुंगीला सुट्टी

शाळेला पन्नास वर्षं होणार म्हणून गावाने मोठा कार्यक्रम ठरवला, आणि शाळेचा इतिहास सांगायचं काम आपसूक बाईंकडे आलं. बाई त्याच शाळेत शिकल्या, बाहेरगावी पदवी घेऊन त्याच शाळेत परत आल्या, आणि आता मुख्याध्यापिका त्याच, वर्गशिक्षिका त्याच, वेळ पडली तर घंटा वाजवणाऱ्याही त्याच. गावात नुसतं ‘बाई’ म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नसे.

कार्यक्रमाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. शाळेचं छप्पर गळत होतं, दोन वर्ग एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत होते. साहेबांच्या मनात भरलं तर नव्या खोल्या मिळणार होत्या. बाईंनी कंबर कसली. भिंती धुऊन घेतल्या, मुलांचं गाणं बसवलं. सगळं जुळून आलं होतं. घोडं अडलं ते एका ठिकाणी, भुंगीपाशी.

भुंगी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या ताईंची मुलगी. बोलायची कमी, गुणगुणायची फार. खुशीत असली की बारीक आवाजात, घाबरली की मोठ्याने. मुलांनी तिला भुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तीही त्या नावाला ओ द्यायला लागली. एरवी बाईंचा तिच्यावर जीव होता. ती बिथरली की बाई तिला खिडकीपाशी नेऊन पाठीवर हात फिरवत उभ्या राहत, मागे वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं तरी. पण तालमीत लाउडस्पीकर सुरू झाला आणि भुंगीने असा टाहो फोडला की गाणं जागच्या जागी थांबलं.

आदल्या दिवशी बाई ताईंच्या घरी गेल्या. ताई मशीनवर बसून गाणाऱ्या मुलांच्या नव्या शर्टांना कॉलर लावत होत्या. ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

“ताई, उद्या फार गर्दी असेल हो,” बाई म्हणाल्या. “स्पीकर असेल, टाळ्या असतील. तिलाच त्रास होईल. उद्याचा दिवस तिला घरी ठेवलंत तर...”

ताईंचा पाय मशीनवर थांबला. त्यांनी दाताने दोरा तोडला.

“घरी ठेवते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिच्या भल्यासाठीच सांगणार.”

बाईंना हायसं वाटलं. वाटेने परतताना त्यांनी ते वाक्य स्वतःशी घोळवलं. तिच्या भल्यासाठीच. घर येईपर्यंत ते त्यांना जवळजवळ खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पटांगण माणसांनी फुललं. पहिल्या रांगेत साहेबांच्या शेजारी गवळणआजी बसल्या होत्या. त्यांच्या गोठ्यात ही शाळा सुरू झाली, त्यामुळे तो मान त्यांचाच. पोरांनी गाणं म्हटलं, एकही सूर चुकला नाही. मग बाई उठल्या.

इतिहास त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी सांगितलं, की गवळणआजींचा मुलगा एका पायाने अधू होता आणि बोलताना अडखळायचा. आजी त्याला घेऊन नदीपलीकडच्या शाळेत गेल्या, तर तिथल्या मास्तरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आजी घरी आल्या, गाई सोडून झाडाखाली बांधल्या, गोठा धुऊन काढला आणि निवृत्त झालेल्या पोस्टमनकाकांना म्हणाल्या, “चिठ्ठ्या वाटून झाल्या, आता अक्षरं वाटा.” (इथे लोक हसले.) अधू मुलाच्या सोबतीला शेजारच्या दोन मुली आल्या, मग गवंड्याची पोरं, मग कुंभाराची. गोठा पुरेना तेव्हा गावाने नदीतले दगड वाहून आणले आणि भिंती उभ्या केल्या. तो मुलगा आता लांबच्या गावी पंप दुरुस्तीचं दुकान चालवतो.

“एका पोराला दारातून परत पाठवलं, म्हणून ही शाळा उभी राहिली,” बाई म्हणाल्या आणि थबकल्या.

पुढचं वाक्य ओठावर तयार होतं. त्यांनी बाजूला पाहिलं. मुलं ताईंच्या हातच्या कडक कॉलरी मिरवत उभी होती. वाक्य गिळता आलं असतं. पण साहेब मान डोलवत होते, गाव वाट बघत होतं, आणि बाई बोलून गेल्या, “तेव्हापासून या दारातून एकही मूल परत गेलेलं नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी तिथल्या तिथे खोल्या मंजूर करतो म्हणून सांगितलं. लोक बाईंना येऊन येऊन शाबासकी देत होते आणि बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

गर्दी पांगली तेव्हा गवळणआजी काठी टेकत जवळ आल्या.

“का गं, ती गुणगुणणारी कुठे दिसली नाही? माझ्या दारावरून जाताना रोज थांबते. वासराला गाणं ऐकवते.”

“तिला... तिला बरं नाही, आजी.”

“अगंबाई! चल मग, बघून येऊ. हा खाऊही तिला देऊ.”

बाई आजींबरोबर निघाल्या. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण त्या दुपारी ते त्यांच्या पुढे पुढे चालत होतं.

भुंगी अंगणात पायरीवर बसली होती. अंगात शाळेचा धुतलेला, इस्त्रीचा गणवेश, वेण्यांना घट्ट रिबिनी. बाईंना बघताच ती धावत आली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून बारीक गुणगुणायला लागली. आजींनी तिच्या कपाळाला हात लावला.

“अंग तर गार आहे की हिचं. काय होत होतं?”

ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदाच.

“सकाळी ताप होता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता उतरला.”

बाई मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या. ताईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण जिच्या लेकराला त्यांनी दाराबाहेर ठेवलं, तीच त्यांची अब्रू झाकत होती. भुंगीचा हात सोडवताना बाईंना मान वर करता आली नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी आजींना थांबवलं.

“तिला ताप नव्हता, आजी. मीच तिला येऊ नको म्हणून सांगितलं. साहेबांपुढे ओरडेल म्हणून.”

आजींनी काठीचं टोक मातीत रोवलं.

“पलीकडच्या मास्तरांनीही मला हाकललं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. “खुर्ची दिली, पाणी दिलं. पोराच्याच भल्याचं सांगतो म्हणाले.”

एवढं बोलून त्या आपल्या घराकडे वळल्या. बाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत बाई ताईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. “माझं चुकलं, ताई,” म्हणाल्या. ताईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि भुंगीची वेणी घालत राहिल्या. “चुकलं कुठे, बाई? ओरडते ती, हे खरंच आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडेना.

भुंगी शाळेत आली. तिच्या मनात काही नव्हतंच, ती पहिल्यासारखीच खिडकीपाशी गुणगुणत बसली. खोल्याही झाल्या, छप्परही झालं. फरक पडला तो ताईंत. आधी त्या लेकीला कोपऱ्यावर सोडून कामाला निघून जायच्या. आता रोज फाटकापर्यंत येतात, भुंगीचा हात धरून ठेवतात आणि अगदी साधेपणाने विचारतात, “आज बसवू ना हिला, बाई?”

“असं विचारत नका जाऊ हो, ताई,” बाईंनी कितीदा तरी विनवलं.

“विचारलेलं बरं असतं,” ताई म्हणतात, आणि उत्तर येईपर्यंत हात सोडत नाहीत.