पडणारा बर्फ आणि पडलेला बर्फ

आमच्या कामिदाइरा वस्तीत बर्फ किती पडला हे सांगायचं काम माझ्या जावेचं, तोशिएचं. हिवाळाभर रोज सकाळी नऊला ती शाळेच्या मैदानात जाते, रोवलेल्या खांबावर एकूण साचलेल्या बर्फाचा आकडा वाचते, शेजारच्या पांढऱ्या फळीवर साचलेला ताजा बर्फ पट्टीने मोजते, फळी झाडून साफ करते आणि नगर कार्यालयाला फोन लावते. एकोणीस वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही.

बर्फ किती पडणार हे सांगायचं काम मात्र गेनजिरोने आपणहून घेतलंय. तो आमच्या वस्तीचा प्रमुख, शाळेत तोशिएच्याच वर्गातला. प्रार्थनाकीटक फांदीवर जेवढ्या उंच अंड्यांचे पुडे चिकटवतो तेवढा बर्फ साचणार, असं तो मानतो. दर नोव्हेंबरात मापाची काठी घेऊन रानात फिरतो आणि सभेत आकडा जाहीर करतो.

एका नोव्हेंबरात आम्ही दोघी ओढ्यावर मुळे धूत होतो, तेव्हा तो येऊन उभा राहिला.

"तोशिए, पडून गेल्यावर मोजायला काय अक्कल लागते गं? वरात घरी पोचल्यावर नवरदेव कोण ते सांगण्यासारखं आहे."

तोशिएने एकच मुळा तीनदा धुतला. ती असं करायला लागली की डोक्यात काहीतरी शिजतंय हे मला कळतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला रानात नेलं. "तू शिडी धर," म्हणाली. गुडघ्याएवढ्या झुडपांवरचे अकरा पुडे आम्ही फांदीसकट कापले आणि गेनजिरोच्या वाटेवरच्या झाडांना उंच नेऊन तपकिरी दोऱ्याने बांधले. मी हसून हसून शिडी हलवत होते आणि वरून ती मला शिव्या घालत होती.

सभेत गेनजिरो मान चोळत उभा राहिला. "चार मीटर साठ," तो म्हणाला.

सगळी वस्ती कामाला लागली. बर्फाच्या भाराने काचा फुटू नयेत म्हणून वरच्या मजल्याच्या खिडक्यांनाही फळ्या ठोकल्या. हामाको आजी तर घर बंद करून नागाओकाला लेकाकडे निघून गेली.

जानेवारी उजाडला तरी खांबावरचा आकडा सत्तर सेंटीमीटरच्या वर सरकेना. वस्तीच्या सामायिक न्हाणीघराच्या दारात बायाबापड्यासुद्धा विचारायला लागल्या, "काय गेनसान, बर्फ वाट चुकला वाटतं?" गेनजिरोने न्हाणीघरात येणंच सोडलं. तोशिएचं जेवण कमी झालं. त्यात फळीवर बारा सेंटीमीटर ताजा बर्फ दिसे आणि खांबावरचा आकडा जेमतेम पाचाने वाढे. "भुसभुशीत आहे, दबतोय," असं ती स्वतःलाच समजावत होती.

शेवटी लोणच्याची बरणी घेऊन ती गेनजिरोकडे गेली, मलाही ओढत नेलं. चहा येण्याआधीच तिने सगळं कबूल केलं.

गेनजिरोने शांतपणे बरणी उघडली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. किडा दुहेरी गाठ मारतो का?"

"मग चार मीटर साठ कशाला सांगितलंस?"

"तू किती दिवस तोंड मिटून बसतेस ते बघायचं होतं. आणि मागल्या साली ऐन वादळात फळ्या ठोकताना शिडीवरून दोघं पडले ना? म्हटलं, एकदा तरी उन्हात फळ्या ठोकू देत." त्याने लोणच्यातलं मुळ्याचं पान चावलं. "मीठ कमी पडलंय. आणि तुझ्या त्या फळीवर गेले आठ दिवस मीच सकाळी सात वाजता बर्फ टाकून येतोय. दोन-दोन फावडी."

तोशिए ताडकन उठली. थट्टा वेगळी, आकडे वेगळे. तिने तिथूनच नगर कार्यालयाला फोन लावला. आठ दिवसांच्या ताज्या बर्फाचे आकडे चुकलेत, खोडा, म्हणाली.

पलीकडच्या बाईने कारण विचारलं असावं.

"जनावराने फळीशी खेळ केला," तोशिए म्हणाली. मग गेनजिरोकडे पाहत पुढे, "माकड. हो, एकच. म्हातारं आहे, टक्कल पडलेलं."

गेनजिरोला ठसका लागला.

चार दिवसांनी नगर कार्यालयाचा माणूस आला. माकडांच्या उपद्रवाचा अर्ज वस्तीच्या प्रमुखाने भरायचा असतो. गेनजिरो ओट्यावर चष्मा लावून बसला. 'माकडाचं वर्णन' या रकान्याशी बराच वेळ अडून राहिला, आणि अखेर त्याने लिहिलं: देखणं.