आयत्या वेळचं भाषण

"बाये, आमच्यात भाषणा लिवणत नाय. उभा रवलंय काय तोंडात येता ता आपला!"

दीप्तीचा बाप धोंडू मेस्त्री गिरणीत माग चालवायचा आणि रजा काढून गावी दशावतारात राजा व्हायचा. लिहून, घोकून बोलणारा नट त्याच्या लेखी कच्चा. बाप जाऊन वर्षं लोटली, पण तो आवाज दीप्तीच्या कानातून काही उतरला नाही.

म्हणून तर तिने आपलं लिहिणं लपवलं. दिग्दर्शक मुकुलच्या सिनेमाची ती नायिका. त्याच्याकडे होता नुसता गोष्टीचा सांगाडा. दहिसरच्या घरी ओट्याशी उभी राहून ती सीनमागून सीन लिहायची, पाठ करायची, कागद फाडून टाकायची आणि सेटवर असं बोलायची, जणू आत्ताच सुचलं. युनिट टाळ्या पिटायचं. मुकुल सगळं टाइप करून घ्यायचा. तिला त्या टाळ्याच गोड लागायच्या.

आज अंधेरीच्या स्टुडिओत तिच्या शेवटच्या वाक्याचं डबिंग होतं. काचेपलीकडे मुकुल आणि निर्मात्या सुलक्षणाताई. त्यांचं बोलणं तिच्या हेडफोनमध्ये उतरत होतं.

"टायटलमधली नावं आज लॉक करायचीत. पटकथा-संवाद कोणाचे टाकू?" सुलक्षणाताईंनी विचारलं.

"माझेच. एकट्याचे."

"आणि दीप्ती? ती बरीच भर घालायची ना?"

"अहो, अंगात आल्यासारखी बोलते ती. झकास बोलते! पण त्याला काय लेखन म्हणतात?"

दीप्तीने हेडफोन कानाशी घट्ट दाबला. नायिकेची कामं आता आटत चालली होती. पुढे हात देणार होतं ते लेखनच. पण ते सांगायचं, तर आजवरच्या सगळ्या टाळ्या खोट्या ठरणार.

"दे गं वाक्य," मुकुल म्हणाला.

ती माइकपासून मागे सरली.

"नाटकं नकोत यार. अख्खा रोल दुसरीच्या आवाजात करून घेईन, मग बस रडत."

"मुकुल, असं काय बोलतोस रे तिला?" सुलक्षणाताईंनी मान वर केली.

लाल दिवा लागला. पडद्यावर तिचे ओठ हलले. ओठ तिचे, शब्द तिचे, नाव तेवढं परक्याचं. ओठ मिटले. वाक्य निघून गेलं.

"कट! वाट लावलीस टेकची!"

दीप्तीने माइक धरला.

"सुलक्षणाताई, मला आयत्या वेळी काहीच सुचत नाही. कध्धीच सुचलं नाही. एकेक शब्द मी घरी लिहिलाय, खोडलाय, घोकलाय. हा सिनेमा मी लिहिलाय."