जलदिन गुडघ्यावर

मागच्या साली उंच डोंगरातल्या खिजदऱ्याच्या शाळेने पोरांना पाणी दाखवलं ते खोटं होतं. बावीस मार्चचा जागतिक जलदिन. वरचं बर्फ अजून दगडासारखं, पाट कोरडा ठणठणीत. पण खालच्या शिक्षण कार्यालयाच्या पाळायच्या दिवसांच्या यादीत जलदिन होता, आणि यादीत आहे म्हणजे पाटात पाणी असलंच पाहिजे! मुख्याध्यापक दावलातमीरने नदीवरून सतरा बादल्या आणवल्या, पाटात ओतल्या आणि पाणी जिरायच्या आत नऊ पोरांचा फोटो काढला. शाबासकीचं पत्र आलं. ते अजून त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

पहिली ते चौथी एकाच खोलीत शिकवणाऱ्या लालमोने तेव्हा तोंड उघडलं नाही. मग दोन महिन्यांनी तिने वह्या तपासायला घेतल्या. प्रश्न होता, 'पाटात पाणी कुठून येतं?' परिझोद नावाच्या पोरीने लिहिलं होतं, 'बादलीतून.' लालमोने लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसली. पोरीने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं. फुली मारायची ती कुणावर?

त्या दिवसापासून ती यादीशी भांडायला लागली. यंदाच्या जानेवारीत यादीतला एक दिवस तिने पाळलाच नाही, तर लेखी ताकीद आली.

यंदा नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, गावातल्या बायांनी घराच्या खांबांवर पिठाची नक्षी काढली, तेव्हा लालमोने सुट्टीतही पोरं जमवून वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून आढ्यापर्यंत पिठाचा माणूस काढला. खिजदऱ्यात माणसाचं अंग हेच पंचांग. थंडीत सूर्य चाळीस दिवस माणसाबाहेर, त्याच्या कुत्र्यात बसतो, मग माणसाच्या पायाच्या नखात शिरतो आणि जागोजागी तीन-तीन दिवस थांबत वर चढतो. गावातला म्हातारा शोनझर बोबो पहाटे छपरावर बसून सूर्य कोणत्या कड्याआडून निघतो ते बघतो आणि ओरडून सांगतो. सूर्य पोटरीवर आला की नांगर, गुडघ्यावर आला की पाटाला पाणी, छातीवर आला की पाकोळ्या. बोबोचा आजाही हेच सांगत होता आणि त्यावर गाव पोट भरत होतं.

माणूस काढून झाल्यावर लालमोने कात्री घेतली आणि कार्यालयाची यादी कापली. एकेक दिवस कणकेने माणसाच्या अंगावर चिकटवत गेली. वृक्षदिन पोटरीवर. जलदिन गुडघ्यावर. पक्षीदिन छातीवर.

"बाई, हात धुण्याचा दिवस कुठं?"

"तो बाहीवर लावा बाई," दुसरा म्हणाला, "हा तिथंच नाक पुसतो!"

वर्ग खिदळत असताना दावलातमीर आत आला आणि त्याने खाली पडलेला कपटा उचलला.

"लालमो, सरकारी कागद कापलास?"

"कापला. चिकटवलासुद्धा."

"उद्या साहेब येतोय गं! यादी आणखी एकदा मोडलीस तर वर्ग तुझ्याकडून काढून माझ्या भाच्याला देतील."

"तुमचा भाचा पगाराच्या दिवशी तेवढा उगवतो. तो दिवस कुठल्या अवयवावर लावू, दावलातमीर अका?"

"चेष्टा पुरे. बादल्या तयार आहेत. अर्ध्या तासाचं काम."

"मागच्या साली त्या सतरा बादल्यांत माझी एक पोरगी बुडाली. यंदा थेंब ओतू देणार नाही."

दुसऱ्या दिवशीही सणाची सुट्टी होती, पण फोटोला सुट्टी नसते. पोरांना घरून बोलावलं. शिक्षण कार्यालयाचे सोहिबनझर साहेब मुख्याध्यापकाच्या घरी गव्हाच्या खिमटीचे दोन वाडगे रिचवून, मिश्या पुसत वर्गात आले. पिठाच्या माणसाकडे पाहिलं. पोरांकडे वळले.

"आज कोणता दिवस?"

परिझोद उठली. "सूर्य घोट्यावर आहे."

"मी दिवस विचारला, बाळ."

"तोच सांगितला."

"आणि जलदिन?"

"गुडघ्यावर. बारा दिवसांनी."

साहेब लालमोवर उखडले. "सगळं जग आज पाण्याचा दिवस पाळतंय, आणि तुमच्या गावाला बारा दिवस उशीर?"

"जगानं पाळावा. तुम्ही आमच्या पाटावर चला, आणि पाळण्यासारखं काही दिसलं तर मला दाखवा."

सगळे पाटावर गेले. तळाला गेल्या पानगळीतली पानं आणि एक मेलेला बेडूक. भिंतीआड बादल्या ओळीने उभ्या. दावलातमीरचा हात पहिल्या बादलीच्या कडीवर होता.

"नका ओतू ना," परिझोद म्हणाली. "मला परत चूक लिहायची नाही."

दावलातमीरने बादली उचलली आणि शेजारच्या तुतीच्या मुळाशी रिकामी केली.

"कोरड्या पाटाचाच फोटो काढा," लालमो म्हणाली. "खाली आजची तारीख घाला."

"जलदिनाला कोरडा पाट?" साहेब ओरडले. "माझी नोकरी जाईल!"

"मग आज दोघांची पणाला लागली म्हणायची. माझी तर सकाळपासूनच आहे."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: पंधरा दिवसांत जलदिन साजरा झाल्याचा अहवाल आला नाही, तर वर्ग काढून घेण्यात येईल.

बाराव्या पहाटे बोबो छपरावरून ओरडला, "गुडघा!" अख्खं गाव फावडी घेऊन पाटाच्या मुखाशी. बांध फोडला. तपकिरी पाणी शेणकूट, काटक्या आणि कुणाची तरी जुनी चप्पल पुढे ढकलत निघालं. लालमोने पाण्यात गवताची काडी सोडली आणि पोरं तिच्या संगतीने मोजत धावली. मुखापासून शाळेपर्यंत सहाशे चाळीस पावलं. चौथीने पाण्याचा वेग काढला, तिसरीने कोणत्या घराला किती वेळ पाणी ते वाटून दिलं, पहिलीवाली पार भिजली. परिझोद पाण्याच्या तोंडापुढे उलटी चालत होती, त्याच्यावरची नजर न हलवता. फोटो दावलातमीरनेच काढला, कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गात येऊन लालमोने अहवाल फळ्यावर लिहिला: 'जलदिन साजरा झाला, पाणी आलं त्या दिवशी. बावीस मार्चला पाट कोरडा होता. पुढचा पक्षीदिन सूर्य छातीवर आल्यावर. पाकोळ्या बघायला साहेबांनी यावं.' हाच त्या दिवसाचा शुद्धलेखनाचा धडा. नऊ पोरांनी नऊ कागदांवर उतरवला, लालमोने दहावा.

"दहा कशाला?" दावलातमीरने विचारलं.

"एक कागद हरवतो, अका. वर्ग घ्यायचा असेल तर दहा जणांना उत्तर लिहून द्या म्हणावं."

मुख्याध्यापकाची सही लागत होती. त्याने पेन घेतलं, ठेवलं, गावच्या रिवाजाचा खारट चहा मागवला, अर्धा प्यायला. मग दहाही कागदांवर सह्या केल्या. शेवटच्या वाकड्याच आल्या.

डाक घेऊन गाडी खाली गेली. उत्तर काय येईल ते लालमोला ठाऊक नव्हतं. भिंतीवरची पक्षीदिनाची चिठ्ठी एका कोपऱ्याने सुटून लोंबत होती. तिने चिमूटभर कणीक मळली आणि चिठ्ठी छातीवर दाबून बसवली.