लाल फडक्यातले दोन लाख

मित्रांनो, शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीत, मालकाच्या गादीमागं बसलेली मी एक जुनी लोखंडी तिजोरी आहे. रंग उडालाय, बिजागऱ्या कुरकुरतात, तरी अजून चौघांना हलायची नाही.

मला थोरल्या मालकांनी, आण्णांनी, हार घालून पेढीत आणलं. एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी दोन लाख रुपये लाल फडक्यात बांधले, माझ्या वरच्या कप्प्यात ठेवले आणि म्हणाले, "ही लक्ष्मी. हिची गाठ सोडायची न्हाय." पुढं आण्णा गेले. त्यांचा मुलगा अमरसिंह दर दिवाळीला त्या फडक्याला हळदकुंकू वाहायचा. माझंही कौतुक तेवढ्या एका दिवसापुरतं. एरवी माझ्या डोक्यावर चहाचे उष्टे कप!

यंदा हंगाम संपला तेव्हा गोदाम गुळानं भरलेलं होतं आणि गुजरातच्या व्यापाऱ्याकडं उधारी अडकलेली होती. गूळ वाहणाऱ्या बायकांचा हिशेब शनिवारी द्यायचा होता. त्यांची मुकादम सरुबाई. तिच्या लेकीची, रूपालीची, नर्सिंग कॉलेजची फी त्याच दिवशी भरायची होती, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

अमरसिंहाची सून अक्षता पेढीचे हिशेब बघते. ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, महिन्याभरात दहा लाख द्यायचेत. हातात काय आहे?"

"गोदाम भरलंय की!"

"गूळ विकला तर पैसा, उधारी आली तर पैसा. मी आजची रोकड विचारतेय. रोकड भागिले देणं, ह्याला रोकड गुणोत्तर म्हणतात."

"बँकेत दोन लाख, तिजोरीत दोन. झालं चार."

"म्हणजे एका रुपयाच्या देण्याला चाळीस पैसे. त्यात फडक्यातल्या पैशांना तुम्ही हात लावणार नाही, मग ते कशाला धरायचे? वीसच पैसे उरले. थोडा गूळ आजच्या भावानं काढूया."

"लक्ष्मीला न्हाय म्हणतीस व्हय?" अमरसिंह भडकला. गणपतीत भाव चढणार, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मला सुनेचं पटलं होतं, पण तिजोरीला विचारतो कोण!

शनिवारी बँकेतले दोन लाख ट्रकवाल्याच्या चेकात गेले. बायका दारात येऊन बसल्या. अमरसिंहाला घाम फुटला. शेवटी त्यानं मला उघडलं, फडक्याला नमस्कार केला आणि गाठ सोडली.

आत हजाराच्या नोटा. कोऱ्या करकरीत! नोटबंदीत सगळ्या गावानं रांगा लावून बदलून घेतल्या, पण देवाची गाठ सोडायचं ह्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

सरुबाईनं एक नोट हातात घेऊन बघितली. "मालक, ह्या कवाच बंद झाल्यात. पोरीची फी पाचाच्या आत भराय पायजे. आता मी काय करू, सांगा की!"

 अमरसिंह चपला घालून तडक बाजारात गेला. रोख देणारा एकच व्यापारी भेटला आणि त्यानं नड ओळखून भाव पाडला. निम्मा गूळ मातीमोल गेला. पण बायकांच्या हातात पैसे पडले आणि रूपालीची फी वेळेत भरली गेली.

मित्रांनो, माझी पूजा करा, फुलं वाहा, मला ते आवडतंच. पण कुणाच्या घामाचे पैसे द्यायचे असतील तर आधी मला उघडून नीट बघत जा. सरुबाईसारखी बाई दारात ताटकळली की मला माझ्या लोखंडाचीच लाज वाटते.