अंगावरची पन्नी

मुनव्वरचं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. भिंतीवर टांगायची वस्तू कोणी कपाटात कोंडतं का? वर त्या कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली याच्या कमरेला!

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पण साधासुधा समजू नका. मी चपट्या पडद्याचा, उंची जातीचा, बार्शीटाकळीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठा. एका थंडगार कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला पुसलं आणि वाटेत ओरखडा पडू नये म्हणून माझ्या पडद्यावर प्लास्टिकची एक पातळ, नितळ पन्नी चिकटवली. ती फक्त प्रवासापुरती होती. घरी पोचल्यावर काढून टाकायची होती. मला हे ठाऊक होतं, पण मी सांगणार कसं? माझ्यातून सारं जग बोलतं. मला स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही.

अकोल्याच्या दुकानात मला पारखलं ते मुनव्वरच्या आईने, हलीमाबींनी. शाळेशी त्यांचा संबंध नावापुरता. पण घरच्या शिलाईच्या दुकानात कात्री चालायची ती त्यांचीच. विकणारा माणूस आम्हा सगळ्या टीव्हींवर रंगीत मासे आणि फुलं दाखवत होता.

"हे लाल-पिवळं काय दाखवून राहिला, भाऊ?" हलीमाबी म्हणाल्या. "लाल तर कोणीबी दाखवते. मले काळं दाखव."

त्याने एका लग्नाची चित्रफीत लावली. नवरदेवाच्या अंगात काळी शेरवानी होती. हलीमाबी नाक लावून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग बाजूच्या टीव्हीकडे गेल्या, परत माझ्याकडे आल्या.

"याच्यात काळ्यावरची काळी शिवण दिसते. त्याच्यात तर नवरदेव कोळशाचं पोतं दिसून राहिला. हाच घे, मुनव्वर."

अशी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

ती सालं वऱ्हाडाला वाईट होती. कापूस पिकायचा नाही, पिकला तर त्याला भाव नसायचा. मग लग्नं पुढे ढकलली जायची आणि शेरवान्या शिवायला कोणी यायचं नाही. म्हणून मुनव्वरने ठरवलं की मला नवाकोरा ठेवायचा. "उद्या विकायची वेळ आली, तर डब्यातून काढल्यासारखा दिसला पाहिजे," तो म्हणायचा. त्याने माझी पन्नी काढली नाही. सुताराकडून प्लायवुडचं कपाट करून घेतलं आणि मला त्यात बसवलं. संध्याकाळी थोडा वेळ कुलूप उघडायचं, पडद्याला हात लावायचा नाही, मग पुन्हा अंधार.

उन्हाळ्यात आमच्याकडे पत्र्याखाली माणूस शिजतो. मी तर लाकडाच्या पेटीत होतो. माझ्या अंगातली आग बाहेर जायला फट नव्हती. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ती नितळ पन्नी पिवळट झाली, मग दुधासारखी झाली. माझं चित्र आत स्वच्छ होतं. बाहेर जाताना त्याचं धुकं होत होतं.

"बेटा, मले सगळं धुरकट दिसून राहिलं," हलीमाबी एके दिवशी म्हणाल्या.

"अम्मी, इतका भारी टीव्ही! याच्यात खोट कशी असन? तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला."

स्वतःला धुरकट दिसलं की हाच मुनव्वर केबलवाल्याला शिव्या घालायचा. शेजारच्या दुर्गाबाई पाहायला आल्या, डोळे चोळून म्हणाल्या, "भारी टीव्हीत असंच मऊ-मऊ दिसत असन, बाई." एकानेही पडद्यावर बोट फिरवून पाहिलं नाही.

मग मुनव्वरने आईची कात्री काढून घेतली. "सुईत दोरा तर पहिल्या झटक्यात जाते माझा," त्या भांडल्या. तो म्हणाला, "तो सवयीनं जाते." वामनराव आपल्या मुलाच्या लग्नासाठी काळं कापड घेऊन आले. अशा दिवसांत असं काम म्हणजे घरात सण! पण मुनव्वर म्हणाला, "अम्मीले आता दिसत नाही, काका. कापड वाया जाईन." वामनराव कापड ठेवून गेले खरे. शनिवारी मात्र ते अमरावतीच्या कारागिराकडे जाणार होतं. हलीमाबी खुर्चीत बसून राहू लागल्या. मी कपाटात, त्या खुर्चीत. दोघांनाही कोंडणारा एकच.

शुक्रवारी मुनव्वर नमाजला घाईत गेला आणि कुलूप लावायचं विसरला. वीज गेलेली होती. हलीमाबींनी कपाट उघडलं, दुपट्ट्याने माझी धूळ पुसू लागल्या. कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. त्या बोटांनी आयुष्यभर कापड चाचपलं होतं. त्यांनी नख घातलं.

"अरे! हे तर अस्तर हाय."

त्यांनी ओढली. चर्रर्र करत ती पन्नी सोलून निघाली. मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझ्या पडद्याला वारा लागला! तेवढ्यात वीज आली आणि त्यांनी माझं बटण दाबलं. माझ्यावर काळ्या कोटातला एक वकील बोलत होता. हलीमाबींनी डोळे बारीक केले.

"खांद्याची शिवण वाकडी बसली याची," त्या म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या.

मित्रांनो, वस्तू जपा. तिला पुसा, उन्हापासून आणि विजेच्या झटक्यापासून सांभाळा. पण जपता-जपता तिला कोंडू नका. आणि वस्तू महागाची आहे म्हणून घरातल्या माणसाला खोटं पाडू नका. एवढंच मला मुनव्वरला सांगायचं होतं. मला तोंड नव्हतं. हलीमाबींना होतं.

मुनव्वर दारात आला. उघडं कपाट आणि आईच्या हातातली पन्नी पाहून तो ओरडला, "अम्मी! काय केलं हे? आता कोण घेईन याले?"

हलीमाबींनी ती दुधाळ पन्नी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"पाह्य याच्यातून. दिसते काही? शिवतानाचे कच्चे टाके न काढता कोणी शेरवानी घालते काय, रे मुनव्वर? मोतीबिंदू तुह्या टीव्हीले झाला होता. ऑपरेशन मी केलं. आता मुकाट्यानं माही कात्री आण, अन् वामनरावचं कापड इथं ठेव."