नऊ मायक्रॉन

आधीच सांगून टाकतो, मी शास्त्रज्ञ नाही. भौतिकशास्त्र विभागाच्या तळघरात माझं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि काचेच्या दाराआड मोजमापाची छोटी खोली. एकतीस वर्षं मी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हवे तसे तुकडे कापून देतोय. त्यातल्या निम्म्यांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हेही आठवावं लागतं. मी ते कधी मनावर घेतलं नाही. मला मिस्त्री म्हणतात, तेवढं पुरे.

वरच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये विभागातल्या नामवंतांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. खाली पदकं, पुरस्कार, साल. दशांश सरांचा फोटो त्यात नव्हता. त्यांच्याबरोबरचा एकजण कुलगुरू झाला, दुसऱ्याच्या नावावर दोनशे शोधनिबंध जमा झाले. सरांचे अकरा. कोणी विचारलं, "सर, नवीन काय?" तर ते म्हणत, "चौथा दशांश पक्का होतोय." दशांश सर हे नाव त्यामुळेच पडलं, आणि त्यांना ते आवडायचं असा माझा संशय आहे.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. पृथ्वी आपल्याला ओढते हे सगळ्यांना माहीत असतं. पण टेबलावर ठेवलेले दोन धातूचे गोळेही एकमेकांना ओढतात, इतक्या कमी जोराने की शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी मोजमाप बिघडतं. तो जोर नेमका किती, हे सरांना जगात सगळ्यात अचूक मोजायचं होतं. पुस्तकांत एक आकडा छापलेला आहेच. पण पुस्तकावर विश्वास ठेवायचा असता तर सर नोकरीला कशाला लागले असते?

इथे माझा संबंध येतो. त्या दोन गोळ्यांमधलं अंतर एका पितळी दांड्याने धरून ठेवलं होतं आणि सगळा हिशोब त्या दांड्याच्या लांबीवर उभा होता. नऊ वर्षांपूर्वी सर ड्रॉइंग घेऊन खाली आले. त्यावर लिहिलं होतं, अंदाजे दोनशे मिलिमीटर.

"अंदाजे म्हणजे?" मी विचारलं. मला आयुष्यात कोणी अंदाजे काही करायला सांगितलं नव्हतं.

"थोडा कमीजास्त करा, तुमच्या मनाने. मग नीट मोजा. पण किती भरला ते मला सांगू नका."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांनी समजावून सांगितलं. माणसाला उत्तर माहीत असलं की हात नकळत तिकडे वळतो. आकडा पुस्तकाशी जुळला की माणूस खूश होऊन थांबतो, जुळला नाही की चूक शोधत बसतो. म्हणून दांड्याची लांबी सरांना शेवटपर्यंत कळू द्यायची नाही. सगळं काम आटोपलं, सगळ्या चुका शोधून झाल्या, की मगच पाकीट उघडायचं.

मी दांडा केला, मोजला, आकडा कागदावर लिहून पाकीट बंद केलं. आम्ही दोघांनी त्यावर सह्या केल्या आणि ते हेडक्लार्कबाईंच्या कपाटात गेलं. नऊ वर्षं तो आकडा माझ्या पोटात होता. चहाच्या वेळी सर मुद्दाम खडा टाकून बघत. "मिस्त्री, शेवटचा आकडा सम की विषम, एवढं तरी."

"सांगतो. पण मग नव्याने सुरुवात करायची तयारी ठेवा," असं मी म्हणायचो आणि ते हसून कप ठेवायचे.

मधेच एक मुलगी आली. तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि सात वर्षं राहिली, म्हणून मी तिला पाहुणी म्हणायचो. यंत्राचं सगळं तीच बघायची. तिच्या वर्गातले लोक कुठे कुठे प्राध्यापक होऊन बसले होते. हिची नेमणूक दर सहा महिन्यांनी वाढवून मिळायची. प्रबंध झाला होता, पण ज्या आकड्यासाठी सात वर्षं गेली तो अजून पाकिटात होता. शेवटी दुसऱ्या एका विद्यापीठात कायमच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत सोमवारी. त्याच महिन्याच्या शेवटी सर निवृत्त होणार होते. म्हणून ठरलं, शुक्रवारी सकाळी साडेदहाला पाकीट उघडायचं.

"काका, तुम्ही यायचंच," पाहुणी म्हणाली. "दोन शब्द बोला. दांडा कसा केला वगैरे."

बोलायचं म्हटल्यावर तारीख तरी बरोबर सांगावी म्हणून शुक्रवारी नऊ वाजता मी माझी जुनी डायरी काढली. मी मोजलेल्या प्रत्येक वस्तूची त्यात नोंद असते आणि आकड्यापुढे माझे ठरलेले दोन शब्द असतात, "वीसला आणून." धातू तापला की फुगतो. म्हणून वस्तू एक रात्र वीस अंशाच्या खोलीत ठेवायची आणि मगच मोजायची. हे शिकाऊ मिस्त्रीलाही माहीत असतं.

दांड्याचं पान सापडलं. माझं अक्षर होतं, आकडा होता. त्याच्या पुढे लिहिलं होतं, "खोलीचं कूलिंग बंद. सव्वीस." आणि पुढे काहीच नाही.

तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. आकडा दिसू नये म्हणून सर दाराशी भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झालेल्या मुलासारखे, आणि सारखे खोकत होते. मला हसू येत होतं. हसता हसता मी मोजलं, लिहिलं, पाकीट चिकटवलं. ज्यांच्याशी ताडून लांबी मोजायची ते ठोकळे पोलादाचे, दांडा पितळेचा. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं. सहा अंशांचा फरक, दोनशे मिलिमीटर लांबी. कागदावर हिशोब मांडला. मी दांडा खऱ्यापेक्षा नऊ मायक्रॉन जास्त लांब लिहिला होता. केसाच्या जाडीचा आठवा भाग असेल. पण सरांचा सगळा दावा त्याहून बारीक होता.

मी स्टुलावर बसलो. गप्प बसलो तर जगात कोणाला कळणार नव्हतं. दांडा यंत्रात बंद, डायरी माझ्या हातात. तीस वर्षांत माझं एकही माप परत आलं नव्हतं आणि पुढच्या वर्षी मीही निवृत्त होणार होतो. नऊ मायक्रॉन त्या पोरीला तारणार की बुडवणार, हे मला ठाऊक नव्हतं. एक मात्र कळत होतं. बोलायचं तर आताच. एकदा पाकीट उघडलं की माझ्या बोलण्याला काही किंमत नाही. लोक म्हणतील, उत्तर बघितलं आणि मग मिस्त्रीला चूक आठवली.

मी डायरी घेऊन जिना चढलो. खोलीत सर होते, हेडक्लार्कबाई होत्या, विभागातले पाचसहा जण होते. पाहुणीच्या हातात कात्री होती.

"थांब," मी म्हणालो. "उघडू नकोस. माझी चूक झालीय."

मी सगळं सांगितलं. डायरी टेबलावर उघडून ठेवली. पाहुणीने कात्री खाली ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सरांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "किती धरायचा फरक?"

"लिहिलाय त्यापेक्षा नऊने कमी."

"कागदावर लिहा. वेळ घाला. आपण सगळे सह्या करू." त्यांनी घड्याळ बघितलं. "दहा चाळीस. आता बसा मिस्त्री, उभे राहू नका."

दुसरं पाकीट बंद झालं, मग पहिलं फुटलं. सर म्हणाले, "दोन्ही उत्तरं काढ. लपवायचं काही नाही."

पाहुणीने माझा जुना आकडा कॉम्प्युटरमध्ये घातला. पडद्यावर उत्तर आलं ते नेमकं पुस्तकातल्या आकड्यावर जाऊन बसलं. मागे कोणीतरी टाळी वाजवायला लागला आणि थांबला. मग तिने नऊ मायक्रॉन वजा केले. उत्तर पुस्तकापासून बाजूला सरकलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच बाजूला.

"हे आपलं उत्तर," सर शांतपणे म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणी उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. ती कॉरिडॉरमध्ये फोटोंखालच्या बाकावर बसली होती.

"जुळलं असतं तर सोमवारी कोणी काही विचारलं नसतं," ती म्हणाली. "आता सगळे विचारतील."

"माझ्यामुळे."

"काका, खरं सांगा. तुम्हाला यायला उशीर झाला असता, पाकीट उघडलेलं असतं, तर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "तर बहुतेक गप्प बसलो असतो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "म्हणजे मी चुकीचा आकडा घेऊन गेले असते. आणि केवढी खूश असते."

सोमवारी तिला दीड तास त्या आकड्यावरूनच धारेवर धरलं. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मला ते कळलं त्या दिवशी मी दोन तुकडे वाया घालवले. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि लावला असता तर बरं, असं मला वाटत राहिलं.

सर निवृत्त झाले, पण रोज येत राहिले. चार महिने लागले यंत्र उघडायला. दांडा दुसऱ्या संस्थेकडे पाठवला. त्यांनी तो त्यांच्या खोलीत, त्यांच्या माणसांकडून, वीस अंशाला मोजला. माझ्या जुन्या आकड्यापेक्षा नऊ मायक्रॉन कमी भरला. सरांनी ते पत्र खाली आणून माझ्या लेथवर ठेवलं आणि चहा पिऊन गेले. शोधनिबंध छापून आला, दोन्ही पाकिटांच्या फोटोंसकट. आता दोन ठिकाणी लोक तो प्रयोग नव्याने करताहेत. पुस्तक बरोबर की सर, ते ठरायचं आहे.

पुढच्या वर्षी पाहुणीला लांबच्या एका विद्यापीठात जागा मिळाली. स्वतःची प्रयोगशाळा, दोन विद्यार्थी. तिथे वर्कशॉप आहे, माझ्याहून तरुण मिस्त्री आहे, माझ्याहून चांगली मशीनं आहेत.

माझ्या निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना तिच्याकडून एक ड्रॉइंग आलं. पितळी दांडा. लांबीच्या जागी लिहिलं होतं, अंदाजे अडीचशे मिलिमीटर. खाली तिच्या अक्षरात एक ओळ होती. "काका, नेमका किती भरला ते मला सांगू नका."

मी दांडा केला. एक रात्र नाही, तीन रात्री खोलीत ठेवला. चौथ्या दिवशी मोजायला बसलो, कागद घेतला आणि आधी लिहिलं, "वीसला आणून." आकडा त्यानंतर लिहिला.